नगरच्या रात्रीच्या प्रवासासाठी एक रिव्हॉल्व्हर, सहा काडतुसे

नानावटी खटल्यातील हत्यार : जहाजाच्या शस्त्रसाठ्यापासून रुपेरी पडद्यापर्यंत

हिंदी चित्रपटसृष्टीला एकाच खऱ्या गुन्ह्याने वारंवार भुरळ घातल्याची उदाहरणे थोडी आहेत. त्यांत पहिला मान कमांडर नानावटी खटल्याला द्यावा लागेल. ‘ये रास्ते हैं प्यार के’ (१९६३), ‘अचानक’ (१९७३) आणि ‘रुस्तम’ (२०१६) हे तीन चित्रपट, मधुसूदन कालेलकरांचे ‘अपराध मीच केला’ हे नाटक आणि २०१९ मधील ‘द व्हर्डिक्ट – स्टेट व्हर्सेस नानावटी’ ही वेबमालिका, या सर्वांचा उगम मुंबईतील एका दुपारी घडलेल्या घटनेत आहे. नौदलाचा देखणा अधिकारी, त्याची इंग्रज पत्नी, श्रीमंत मित्र, विश्वासघात आणि पिस्तुलाचा बार, अशी ही सामग्री कोणत्याही पटकथाकाराला आयती मिळालेली. मात्र या साऱ्या कथांच्या केंद्रस्थानी असलेले हत्यार नेमके कोणते होते, ते कोठून आले आणि ते मिळवण्यासाठी कोणते कारण सांगितले गेले, याकडे प्रेक्षकांचे लक्ष क्वचितच जाते. ते कारण अहमदनगरशी (आताचे अहिल्यानगर) निगडित आहे. आपल्याला मोटारीने एकट्याला रात्री अहमदनगरला जायचे आहे, असे सांगून ते रिव्हॉल्व्हर जहाजावरून घेण्यात आले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या शहराचे नाव त्यामुळेच कायमचे नोंदले गेले.

२७ एप्रिल १९५९

कावस माणेकशॉ नानावटी हे ‘आयएनएस म्हैसूर’ या युद्धनौकेवर दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी होते. ही क्रूझर मूळची ब्रिटिश नौदलाची ‘नायजेरिया’. भारताने ती १९५४ मध्ये विकत घेतली आणि १९५७ मध्ये ती भारतीय नौदलात दाखल झाली. नानावटी यांचा विवाह १९४९ मध्ये इंग्लंडमधील पोर्ट्स्मथ येथे सिल्व्हिया यांच्याशी झाला होता. त्यांना तीन मुले होती. नोकरीच्या स्वरूपामुळे नानावटींना बराच काळ समुद्रावर राहावे लागे. मुंबईत स्थायिक झाल्यावर मित्रांच्या ओळखीतून मोटारींचा व्यवसाय करणारे प्रेम आहुजा यांच्याशी या कुटुंबाचा परिचय झाला आणि पुढे सिल्व्हिया व आहुजा यांचे प्रेमसंबंध जुळले.

एप्रिलच्या मध्यावर नानावटी सफरीवरून परतले. पत्नीच्या वागण्यातील अलिप्तपणा त्यांना जाणवत होता. २७ एप्रिल रोजी दुपारच्या जेवणानंतर त्यांनी थेट विचारले आणि पत्नीने कबुली दिली. त्यानंतरचा घटनाक्रम विलक्षण शांततेत उलगडतो. चित्रपटाची तिकिटे आधीच काढलेली होती. नानावटींनी पत्नीला व मुलांना मोटारीतून चित्रपटगृहापाशी सोडले, खेळ सुटल्यावर सहा वाजता न्यायला येतो असे सांगितले आणि मोटार बंदराकडे वळवली. जहाजावर जाऊन त्यांनी शस्त्रसाठ्यातून एक रिव्हॉल्व्हर व सहा काडतुसे मागून घेतली. रात्री एकट्यानेच मोटार चालवत अहमदनगरला जायचे आहे, हे कारण त्यांनी दिले. रिव्हॉल्व्हर एका तपकिरी लिफाफ्यात ठेवून ते प्रथम आहुजांच्या कार्यालयात गेले. तेथे ते नव्हते. मग सेटलवाड रोडवरील ‘जीवनज्योत’ इमारतीतील त्यांच्या फ्लॅटवर गेले. नोकराने दार उघडले. नानावटी थेट शयनगृहात शिरले आणि त्यांनी दार लावून घेतले. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास आत गोळ्यांचे आवाज झाले. नुकतेच स्नान आटोपून कमरेला टॉवेल गुंडाळलेले आहुजा स्नानगृहात मृतावस्थेत सापडले.

नानावटी पळून गेले नाहीत. नौदलाच्या पोलीस विभागाचे प्रमुख कमांडर सॅम्युअल यांना भेटून त्यांनी घडलेला प्रकार सांगितला आणि त्यांच्या सांगण्यावरून ते गुन्हे अन्वेषण विभागाचे उपायुक्त जॉन लोबो यांच्यापुढे हजर झाले.

नगरच का?

ही सबब इतक्या सहजतेने का मान्य झाली असावी, हे त्या काळचा नकाशा पाहिल्यास लक्षात येते. मुंबईहून नगरला जाण्याचा मार्ग सुमारे अडीचशे किलोमीटरचा. पुण्यामार्गे जायचे तर आधी बोरघाट चढायचा, मग पुणे ओलांडून शिरूर, सुपे अशी गावे मागे टाकत उजाड माळरानातून नगर गाठायचे. आजचा मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग तेव्हा कल्पनेतही नव्हता. रात्रीच्या वेळी घाटात आणि पुढच्या माळावर मैलोगणिक दिवा दिसत नसे. अशा रस्त्याने एकट्याने जाणाऱ्या अधिकाऱ्याने स्वसंरक्षणासाठी हत्यार मागावे, यात ऐकणाऱ्याला वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

दुसरे कारण नगरच्या लष्करी ओळखीत सापडते. शस्त्रांशी या शहराचे नाते निजामशाहीइतके जुने आहे. विजापूरच्या तटावरील प्रसिद्ध ‘मलिक-ए-मैदान’ तोफ सोळाव्या शतकात नगरलाच ओतली गेली. इंग्रजी अमदानीत येथे मोठी छावणी वसली. १९४२ च्या ‘चले जाव’ आंदोलनानंतर पंडित नेहरूंसह काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना येथील भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध केले गेले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये रणगाडा दलाचे केंद्र व प्रशिक्षण संस्था नगरला एकत्र आली आणि हे शहर देशाच्या चिलखती दलाचे माहेरघर ठरले. सेनादलातील अधिकाऱ्याच्या तोंडी ‘नगरला जायचे आहे’ हे वाक्य म्हणूनच अगदी स्वाभाविक वाटण्याजोगे होते. नाशिक किंवा साताऱ्याचे नाव घेतले असते, तर कदाचित एखादा प्रश्न अधिक विचारला गेला असता.

आपण हे रिव्हॉल्व्हर स्वतःवर गोळी झाडून घेण्यासाठी घेतले होते, असा नानावटींचा न्यायालयातील बचाव होता. खरे कारण सांगितले असते तर शस्त्र मिळाले नसते, हे उघडच आहे. परंतु याच खोट्या कारणाने पुढे त्यांची बाजू लंगडी केली.

‘सेमी-ऑटोमॅटिक रिव्हॉल्व्हर’ म्हणजे काय?

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात या हत्याराचे वर्णन ‘सेमी-ऑटोमॅटिक रिव्हॉल्व्हर’ असे आढळते. वृत्तपत्रीय व नंतरच्या लेखनात ते ०.३८ बोअरचे स्मिथ अँड वेसन बनावटीचे असल्याचे सांगितले जाते. अमेरिकेतील या कंपनीने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटन व राष्ट्रकुलातील सैन्यांना या बोअरची लाखो रिव्हॉल्व्हरे पुरवली होती. वेब्ली आणि एन्फील्ड या ब्रिटिश बनावटीच्या रिव्हॉल्व्हरांबरोबर तीही सेनादलांच्या वापरात होती.

मात्र ‘सेमी-ऑटोमॅटिक रिव्हॉल्व्हर’ हा शब्दप्रयोग शस्त्रशास्त्राच्या काटेकोर अर्थाने अपवादात्मक आहे. हस्तशस्त्रांचे दोन मुख्य प्रकार मानले जातात. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीच्या मागे एक फिरती चक्री असते आणि तिच्या पाच-सहा घरांत काडतुसे बसवलेली असतात. चाप ओढला की चक्री एक घर पुढे सरकते, मागचा घोडा उचलला जातो आणि आपटून बार उडतो. यातील सारी शक्ती बोटाची असते. अर्धस्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतील मॅगझिनमध्ये असतात. प्रत्येक बारानंतर उसळणाऱ्या धक्क्यानेच रिकामे टरफल बाहेर फेकले जाते व नवे काडतूस नळीत सरकते. पहिल्या प्रकारात यंत्रणा माणूस चालवतो, दुसऱ्यात स्फोटाचा जोर. म्हणूनच सहसा एखादे हत्यार रिव्हॉल्व्हर तरी असते किंवा अर्धस्वयंचलित तरी.

चित्रपटांत आणि बातम्यांत ही दोन नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. नानावटींच्या हातात ‘पिस्तूल’ होते असे लिहिणारे आजही पुष्कळ आहेत. सहा काडतुसांची मागणी हा रिव्हॉल्व्हरचा स्पष्ट पुरावा आहे. चक्रीला घरे सहा, म्हणून काडतुसेही सहाच.

बोगार्टचे कोडे आणि हिंदुस्थानातला कर्नल

खऱ्या अर्थाने ‘स्वयंचलित’ म्हणता येईल असे एक रिव्हॉल्व्हर मात्र इतिहासात होऊन गेले आणि योगायोग असा की गुन्हेपटांच्या जगात अजरामर झालेले हत्यारही तेच. जॉन ह्यूस्टन दिग्दर्शित ‘द माल्टीज फाल्कन’ (१९४१) हा हॉलीवूडच्या ‘फिल्म न्वार’ शैलीतील आद्य चित्रपटांपैकी एक मानला जातो. त्यात हम्फ्री बोगार्टने रंगवलेल्या सॅम स्पेड या गुप्तहेराच्या भागीदाराचा खून वेब्ली-फॉस्बेरी रिव्हॉल्व्हरने होतो. घटनास्थळी स्पेड ते हत्यार पाहताक्षणी ओळखतो आणि त्याची माहितीही सांगतो. त्या माहितीत एक चूक आहे. पडद्यावर तो त्याला पंचेचाळीस बोअरचे, आठ गोळ्यांचे म्हणतो. प्रत्यक्षात या जातीचे मोठ्या बोअरचे रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचे होते आणि आठ गोळ्यांची सोय केवळ ०.३८ बोअरच्या प्रकारात होती. शस्त्रांचे अभ्यासक गेली कित्येक दशके ही चूक कौतुकाने दाखवत आले आहेत.

या हत्याराचा जनक जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी हा हिंदुस्थानातील बंगाल सैन्याचा अधिकारी होता. १८६३ मध्ये वायव्य सरहद्दीवरील अंबेला मोहिमेतील पराक्रमाबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. निवृत्तीनंतर त्याने शस्त्रांच्या रचनेत लक्ष घातले. त्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बार उडताच नळी आणि चक्री मिळून मागे सरकत. चक्रीवर कोरलेल्या नागमोडी खाचांत एक खुंटी अडकलेली असे. त्यामुळे मागेपुढे होताना चक्री आपोआप फिरे आणि घोडाही चढलेला राही. १९०१ पासून वेब्ली कंपनीने ते बाजारात आणले. पण धुळीने व चिखलाने त्याच्या खाचा भरत असल्याने ते रणांगणावर टिकले नाही. नानावटी प्रकरणातील रिव्हॉल्व्हर या दुर्मीळ जातीचे असल्याचा कोठेही उल्लेख नाही. जहाजाच्या शस्त्रसाठ्यातून मिळालेले ते सेनादलाचे नेहमीचे, चाप ओढून चालवायचे रिव्हॉल्व्हर असावे. निकालपत्रातील ‘सेमी-ऑटोमॅटिक’ हा शब्द, घोडा हाताने न चढवताही बार उडतो, एवढ्याच अर्थाने आला असण्याचा संभव अधिक.

चाप, घोडा आणि ‘अपघात’

हा तपशील केवळ शस्त्रप्रेमींच्या कुतूहलाचा नाही. साऱ्या खटल्याचा निकाल या यंत्रणेवर बराचसा अवलंबून होता. नानावटींचे म्हणणे असे : आपण आहुजांना सिल्व्हियाशी लग्न करून मुलांचा सांभाळ करणार का, असे विचारले. त्यांनी अत्यंत उर्मट उत्तर दिले. आपण लिफाफा जवळच्या कपाटावर ठेवून त्यांना चोप देण्याची धमकी दिली. आहुजांनी अचानक लिफाफ्याकडे झेप घेतली, आपण रिव्हॉल्व्हर बाहेर काढले आणि झटापटीत गोळ्या सुटल्या. म्हणजे हा खून नव्हे, तर अपघात होता.

साध्या रिव्हॉल्व्हरची रचना पाहिली तर या बचावापुढील अडचण स्पष्ट होते. घोडा आधी चढवलेला असेल तर चापाला हलका स्पर्शही पुरतो. झटापटीत एखादी गोळी अशी सुटू शकते. पण पुढच्या प्रत्येक बारासाठी चाप सोडून पुन्हा पूर्ण ओढावा लागतो, चक्री फिरवावी लागते आणि घोडा उचलावा लागतो. ही हालचाल बोटाला चांगलाच जोर लावल्याशिवाय होत नाही. एकाहून अधिक गोळ्या ‘आपोआप’ सुटल्या असे सिद्ध करणे म्हणूनच कठीण असते. कायद्यानेही ही जबाबदारी आरोपीवरच होती. कृत्य अपघाताने घडले असा भारतीय दंड संहितेच्या कलम ८० खालील अपवाद ज्याला हवा, त्यानेच तो पुरावा कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे दाखवून द्यायचा. ज्यूरीला हे नीट समजावून सांगितले गेले नव्हते, हा पुढे उच्च न्यायालयाचा एक प्रमुख आक्षेप ठरला.

न्यायालयाने यंत्राबरोबरच माणसांच्या हालचालीही तपासल्या. दार लागल्यापासून नानावटी बाहेर येईपर्यंत जेमतेम काही क्षण गेले होते. जखमांची जागा आणि दिशा झटापटीशी जुळत नव्हती. आणि सर्वांत बोलका साक्षीदार ठरला तो आहुजांच्या कमरेचा टॉवेल. दोन धडधाकट पुरुषांची झोंबाझोंबी झाली असती तर तो सैल झाला असता किंवा गळून पडला असता. तो जसाच्या तसा होता. घटनेनंतर ज्यांच्याशी नानावटी बोलले, त्यांच्यापैकी कोणालाही त्यांनी हा अपघात असल्याचे सांगितले नव्हते, हेही त्यांच्या विरोधात गेले.

तीन तासांचा हिशेब

बचावाचा दुसरा मुद्दा होता गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचा. असा प्रक्षोभ मान्य झाला असता तर खुनाचा गुन्हा सदोष मनुष्यवधावर आला असता. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी दिलेल्या निकालात या संकल्पनेची जी चिकित्सा केली, ती पुढे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासावी लागली. आरोपी ज्या सामाजिक वर्गातील आहे, त्या वर्गातील सर्वसामान्य विवेकी माणसाचा तोल अशा प्रसंगी सुटेल काय, ही कसोटी न्यायालयाने लावली. केवळ शब्द वा हावभाव यांनीही प्रक्षोभ होऊ शकतो, हे मान्य केले. पत्नीच्या कबुलीने नानावटींचा तोल जाणे शक्य होते, हेही नाकारले नाही. पण प्राणघातक वार त्या रागाच्या भरातच झाला पाहिजे. राग निवायला अवधी मिळून गेल्यावर नव्हे.

येथे घड्याळ निर्णायक ठरले. दुपारी दीडच्या सुमारास घर सोडल्यापासून चार वीसपर्यंत सुमारे तीन तास उलटले होते. त्या काळात आरोपीने कुटुंबाला चित्रपटगृहात सोडले, जहाजावर जाऊन खोट्या सबबीवर शस्त्र मिळवले, ते भरले, कार्यालयात चौकशी केली आणि मग घर गाठले. पत्नीच्या व मुलांच्या भवितव्याचा विचार तो करत होता, याचा अर्थ त्याचे मन ताळ्यावर आले होते, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. रागाने आंधळा झालेला माणूस विश्वासार्ह सबब रचत नाही. अहमदनगरच्या ज्या प्रवासाला नानावटी कधीच निघाले नाहीत, तो असा त्यांच्या शांत चित्ताचा पुरावा ठरला.

ज्यूरी, राज्यपाल आणि लोकमत

मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या विशेष ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवले होते. न्यायाधीशांना हा कौल मान्य न झाल्याने त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने ११ मार्च १९६० रोजी नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप सुनावली. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी शिक्षेला स्थगिती देऊन त्यांना नौदलाच्या ताब्यात ठेवण्याचा आदेश काढला आणि राज्यपालांचा अधिकार मोठा की न्यायालयाचा, असा घटनात्मक पेच उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने न्यायालयाच्या बाजूने कौल दिला. या मधल्या काळात मुंबई राज्याचे विभाजन होऊन १ मे १९६० रोजी महाराष्ट्र अस्तित्वात आला. एकाच खटल्याचे नाव म्हणूनच कोठे ‘नानावटी विरुद्ध मुंबई राज्य’, तर कोठे ‘नानावटी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ असे आढळते.

या खटल्यात पुढे नावारूपाला आलेली बरीच माणसे वावरली. बचावाची धुरा सांभाळणारे कार्ल खंडालावाला हे भारतीय चित्रकलेचे थोर अभ्यासकही होते. आहुजांच्या बहिणीच्या वतीने खटल्यावर लक्ष ठेवणारे तरुण वकील होते राम जेठमलानी. उच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे यशवंतराव चंद्रचूड पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले.

या खटल्याने भारतातील ज्यूरी पद्धती संपवली आणि हा शेवटचा ज्यूरी खटला होता, असे नेहमी सांगितले जाते. ते पूर्णांशाने खरे नाही. ज्यूरीविषयीचा अविश्वास आधीपासूनच होता आणि या प्रकरणाने तो बळावला, इतकेच म्हणता येईल. काही ठिकाणी ज्यूरीपुढील खटले नंतरही चालले. १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता १ एप्रिल १९७४ रोजी लागू झाली, तेव्हा तिच्यात ज्यूरीची तरतूदच ठेवण्यात आली नाही.

न्यायालयाबाहेर आणखी एक खटला चालला होता. रूसी करंजिया यांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने नानावटींची बाजू उचलून धरली आणि त्याचे अंक चढ्या दराने विकले गेले. पारशी समाज व नौदल कमांडरच्या पाठीशी होते, तर सिंधी समाजात आहुजांविषयी सहानुभूती होती. मुंबईच्या पदपथांवर फेरीवाले ‘आहुजा टॉवेल’ आणि ‘नानावटी रिव्हॉल्व्हर’ नावाची खेळणी विकू लागले. एका माणसाचा जीव घेणारी वस्तू काही महिन्यांत मुलांच्या हातचे खेळणे झाली होती.

पडद्यावरचे हत्यार

चित्रपटांनी या प्रकरणातून काय उचलले आणि काय वगळले, हे पाहणे उद्बोधक आहे. आर. के. नय्यर दिग्दर्शित ‘ये रास्ते हैं प्यार के’मध्ये सुनील दत्त, लीला नायडू आणि रहमान यांच्या भूमिका होत्या. न्यायालयातील द्वंद्वासाठी अशोककुमार आणि मोतीलाल समोरासमोर उभे होते. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला जेमतेम दोन वर्षे होत होती. नायक नौदलाऐवजी वैमानिक झाला. त्याबरोबर जहाज, शस्त्रसाठा आणि नगरची सबब हे सारे कथेतून गळाले.

गुलजार यांच्या ‘अचानक’ची वाट वेगळी. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेवरील या गीतविरहित चित्रपटात विनोद खन्नाने भूदलाचा मेजर रंगवला. बायको आणि मित्र यांचा जीव घेणारा हा अधिकारी पळताना गोळी लागून जखमी होतो. डॉक्टर त्याला जिवापाड प्रयत्नांनी वाचवतात आणि तो बरा झाल्यावर कायदा त्याला फासावर चढवणार असतो. राज्याने हाती दिलेले शस्त्र, राज्यानेच शिकवलेले मारणे आणि राज्यानेच दिलेला मृत्युदंड, या प्रश्नांची कोंडी इतर कोणत्याही रूपांतरापेक्षा या चित्रपटाने अधिक धारदारपणे मांडली.

टिनू सुरेश देसाई दिग्दर्शित ‘रुस्तम’ने मात्र नायकाला पुन्हा पांढरा गणवेश दिला आणि जाहिरातीत तीन गोळ्यांचाच गाजावाजा केला. अक्षयकुमारला या वर्षीच्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाने खुनामागे संरक्षण व्यवहारातील भ्रष्टाचाराचे कथानक जोडून नायकाला देशभक्त ठरवले. खऱ्या खटल्याच्या कागदपत्रांत असे काही नाही. नायकाच्या गणवेशावरील पदके कथेच्या काळाशी जुळत नसल्याची टीकाही तेव्हा झाली. शस्त्राच्या बाबतीत तीच गत असते. पडद्यावर रिकाम्या काडतुसांचा बार आणि धूर दिसतो, पण ते हत्यार कोणाच्या सहीने, कोणत्या कारणासाठी बाहेर पडले, हे दाखवण्यात कॅमेऱ्याला रस नसतो.

एका सहीची किंमत

नानावटींना १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. त्यासाठी आहुजांच्या बहिणीची संमती घेण्यात आली होती. १९६८ मध्ये नानावटी कुटुंब कॅनडात स्थायिक झाले आणि २००३ मध्ये तेथेच नानावटींचे निधन झाले. ज्या दंड संहितेखाली त्यांच्यावर खटला चालला तीही आता इतिहासजमा झाली असून १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. नगरचे नावही त्याच वर्षी बदलून अहिल्यानगर झाले.

घटनेच्या वेळी देशात १८७८ चा शस्त्र कायदा लागू होता. नवा शस्त्र कायदा १९५९ च्या अखेरीस संमत होऊन १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. मात्र सेनादलांच्या ताब्यातील शस्त्रांचा कारभार परवान्यावर चालत नाही. तो नोंदवही, सही आणि सांगितलेले कारण यांवर चालतो. ती शिस्त माणसाच्या शब्दावर विसंबलेली असते. २७ एप्रिल १९५९ च्या दुपारी एका प्रतिष्ठित अधिकाऱ्याचा शब्द खरा मानला गेला, कारण तो खोटा असेल असे वाटण्याजोगे त्यात काहीच नव्हते. पुढे एका माणसाचा प्राण गेला, एक कुटुंब देशोधडीला लागले, राज्यपाल आणि न्यायालय समोरासमोर आले आणि कायद्याला एक महत्त्वाचा निवाडा मिळाला. चित्रपटांनी प्रेम, विश्वासघात आणि गोळीबार लक्षात ठेवला. नगरच्या रस्त्यासाठी मागितलेल्या त्या सहा काडतुसांची आठवण ठेवली ती फक्त न्यायालयाने.